काल काय खाल्लंत?

नव्या भाडेकरणीला घरमालक काय विचारतो? माणसं किती, नळाची वेळ कळली का, मागच्या दाराची कडी नीट लागते ना. इंदूरच्या स्नेहलतागंजमधल्या आमच्या घरमालकांनी यातलं काही म्हणता काही विचारलं नाही. माझं लग्न होऊन आठच दिवस झाले होते. टांग्यातून ट्रंक अजून उतरायची होती, डोक्यावरचा पदर सांभाळताना माझी तारांबळ उडाली होती, आणि बंद गळ्याचा कोट घातलेले, पांढऱ्या मिशांचे हे गृहस्थ ओसरीच्या पायरीवर उभे राहून मला म्हणाले, "काल काय खाल्लंत?"

मला वाटलं, थट्टा करताहेत. माझ्या माहेरी देवासला पहिल्याच भेटीत असं विचारणं म्हणजे समोरच्याची गरिबी काढणं. मी फणकाऱ्यानं खरं तेच सांगून टाकलं, की सकाळी वरणभात आणि संध्याकाळी भूक नव्हती म्हणून गुळाचा खडा आणि अर्धी शिळी पोळी. त्यांचा चेहरा एकदम खुलला. अर्धी म्हणालात, म्हणजे खरं सांगितलंत, पहिल्या दिवशी सगळे अख्खीच सांगतात, असं म्हणून त्यांनी टांगेवाल्याला सूनबाईंची ट्रंक सांभाळून उतरवायला बजावलं. तेव्हापासून मी त्यांची सूनबाई.

गल्ली त्यांना काकासाहेब म्हणायची. संस्थान होतं तेव्हा ते मुदपाकखान्याच्या कोठीवर कारकून होते. आज पंगतीला किती पानं, त्यांना कणीक किती, डाळ किती, तूप किती, हे काढून द्यायचं आणि पंगत उठल्यावर काय उरलं ते पाहायचं, एवढंच काम त्यांनी वीस वर्षं केलं. मग संस्थान विलीन झालं, मध्य भारत झाला आणि काकासाहेबांना एका सरकारी कचेरीत बसवलं. थंडीत राजधानी ग्वाल्हेरला जायची, उन्हाळ्यात इंदूरला यायची. फायली ग्वाल्हेरला गेल्या की काकासाहेब इथं रिकाम्या कपाटांची राखण करत बसायचे. रिकामं डोकं कुठंतरी जाणारच. त्यांचं लोकांच्या ताटात गेलं.

नमस्कार, रामराम, काय कसं काय, यातलं काही त्यांच्या तोंडी नसायचं. भेटेल त्याला "काल काय?" पोस्टमन असो, हेडमास्तर असो, कृष्णपुऱ्याच्या पुलावर भेटलेला अगदी परका माणूस असो. काही लोक त्यांना लांबून पाहूनच गल्ली बदलत. सियागंजातला एक किराणेवाला मात्र शहाणा होता. काकासाहेब पायरी चढायच्या आत तो सांगून मोकळा व्हायचा, "काकासाहेब, कल कढी-चावल, परसों दाल-बाफले. अब बोलो, क्या तौलूं?" काकासाहेब कागदावर काही टिपून ठेवत नसत. सगळं डोक्यात. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला कैरीची डाळ आंबट झाली होती, हे मी विसरले होते, त्यांनी मला दिवाळीत आठवण करून दिली.

हे सगळं कळून तुम्हाला करायचंय काय, असं मी एकदा धीर करून विचारलं. त्यांनी खरोखरच विचार केला. मिशीवरून दोनदा हात फिरवला. मग म्हणाले, "ते माहीत नाही बुवा. पण कळायला तर पाहिजे ना."

तसा उपयोग व्हायचाही. एकदा आम्ही दोघं नवराबायको आणि काकासाहेब स्टेशनवरून एकाच टांग्यातून आलो. निम्म्या वाटेत काकासाहेब टांगेवाल्याला म्हणाले, "क्यों भिया, तीन दिन से सेव-परमल पे चल रिया है? घरवाली पीहर गई क्या?" टांगेवाल्यानं लगाम खेचला आणि मागे वळून पाहतच राहिला. बायको खरंच तीन दिवसांपूर्वी माहेरी गेली होती. काकासाहेबांनी ओळखलं ते त्याच्या शेव-चुरमुऱ्यांनी पिवळ्या झालेल्या बोटांवरून आणि दर नाक्यावर पाणी पिण्यावरून. एवढ्यावर ते थांबले नाहीत. घोड्याला चारा टाकायला लावून त्यांनी त्याला घरात आणलं आणि आपल्या शेजारी पाट मांडून जेवायला बसवलं. ज्याच्या "काल काय?"चं उत्तर त्यांना पातळ वाटे, तो माणूस त्यांच्या पंगतीला बसलाच म्हणून समजावं. आठवड्यातून चार दिवस तरी असं कुणी ना कुणी यायचं. गल्लीत त्यांच्या या गोष्टीचं फार कौतुक होतं, आणि मलाही होतं.

वाढायच्या काकी. ठेंगण्या, चालताना पावलाचा आवाज न होणाऱ्या. मुलगी ग्वाल्हेरला दिलेली, घरात दोघंच. कोठीच्या शिस्तीप्रमाणे रोजची कणीक काकासाहेब स्वतः काढून देत: तीन पोळ्या आपल्या, दोन हिच्या. मोजकं शिजावं, शिळं उरू नये. आपल्या घरात वीस वर्षांत एक पोळी वाया गेली नाही, असं ते अभिमानानं सांगत आणि तेही खरंच होतं.

त्यांच्या आणि आमच्या स्वयंपाकघरांच्या मधल्या भिंतीला एक झरोका होता. मीठ, विरजण, काडेपेटी त्यातूनच इकडून तिकडे जायची. त्या झरोक्यातून मी काकींचं जेवण पाहिलं. टांगेवाला तृप्त होऊन गेला होता, काकासाहेब कचेरीत गेले होते. काकींनी पातेल्याच्या तळाची भाताची खरवड काढली, तिच्यावर ताक ओतलं आणि ओट्याशी उभ्यानंच पिऊन टाकलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तिसऱ्या दिवशी मुद्दाम पाहिलं. मला चांगल्या-वाईट सगळ्याच गोष्टींत नाक खुपसायची खोड आहे, ती काकासाहेबांच्या सहवासात वाढली म्हणा. मी सरळ विचारलं. काकी म्हणाल्या की पाहुणा आला, त्याला नाही कसं म्हणायचं, आणि एकटीसाठी पुन्हा चूल कोण फुंकतं. "वैसे मला भूकच नसते गं. आणि हे बघ, त्यांना सांगशील तर तुला माझी शपथ आहे. एवढ्या हौसेनं आणतात ते लोकांना."

शपथ घातली, माझं तोंड बंद झालं.

मार्गशीर्षात एका सकाळी काकी नळावर भोवळ येऊन पडल्या. मीच त्यांना धरून आत आणलं. काकासाहेब स्वतः धावत जाऊन डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टरांनी काकींच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, ती आतून पांढरीफटक होती. यांच्या अंगात रक्तच नाही, असंच चाललं तर एक दिवस पडतील त्या उठायच्या नाहीत, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. मग विचारलं, या खातात काय? काकासाहेबांचा हा हातखंडा विषय. त्यांनी सोमवारची मेथी, मंगळवारची चवळीची उसळ, बुधवारचं पिठलं, सगळं क्रमवार सांगितलं, फोडणीसकट. डॉक्टर ऐकून घेऊन म्हणाले, "काय शिजतं ते मी नाही विचारलं."

काकासाहेबांना हा अपमान वाटला. डॉक्टर गेल्यावर ते मला म्हणाले, "सूनबाई, मतलब काय त्यांचा? माझ्या घरात काय खाल्लं जातं ते मला माहीत नसणार?" पलंगावरून काकी म्हणाल्या, सगळं खाते हो मी, तुम्ही उगाच जिवाला लावून घेऊ नका. मग काकींनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

मग औषध म्हणून काकासाहेबांनी खजूर आणले, अंजीर आणले. ते काकींनी वाटून टाकले: खजूर मी खाल्ले, पोस्टमननं खाल्ले, टांगेवाल्याच्या घोड्यानंही दोन खाल्ले. काकींची पापणी पांढरीच राहिली. मला त्या दिवसांत भीती वाटायची, सकाळी झरोक्यातून बांगड्यांचा आवाज आला की हायसं वाटायचं.

आता संक्रांतीच्या संमेलनाचं सांगते. आमच्या भागातल्या मराठी कुटुंबांचं एक मंडळ होतं. दरवर्षी संक्रांतीनंतरच्या रविवारी सगळी बायकापोरांसह एका शाळेच्या पटांगणात जमायची. त्या वर्षी सगळीकडे सकस आहाराचं वारं होतं, म्हणून अध्यक्ष असलेल्या वकीलसाहेबांनी ठरवलं, की आपणही त्यावर एक व्याख्यान ठेवू. काकासाहेब कडाडले. व्याख्यानात पुरुष झोपतात, बायका विणतात आणि मुलं चपला लपवतात, खाणं हा काय ऐकायचा विषय आहे, खेळ ठेवा, सगळ्या घरानं मिळून खेळायचे. वकीलसाहेब म्हणाले, मग तुम्हीच ठेवा.

त्यानंतरचे तीन आठवडे आमच्या ओसरीवर काय चाललं होतं ते आठवलं की अजून हसू येतं. माझं अक्षर बरं म्हणून मी चिटणीस. काकासाहेब एकेक खेळ काढत आणि आधी आमच्यावर करून पाहत. तोंडावर फडकं बांधलेल्या मडक्यात हात घालून बोटांनी डाळ ओळखायची. आमच्या ह्यांनी तुरीला हरभरा म्हटलं आणि मसुरीला चक्क गहू. मग डोळे बांधून वासावरून पालेभाजी ओळखायची. मेथी सगळ्यांना येई, चाकवत फक्त आमच्याकडे राहायला आलेल्या माझ्या सासूबाईंना. मुलांसाठी आगगाडी: एक मुलगा पोळीचा डबा, एक डाळीचा, एक भाजीचा, एक दुधाचा, आणि चारी डबे जोडल्याशिवाय इंजिनानं शिटी मारायची नाही. काकासाहेब स्वतः इंजिन होऊन ओसरीभर फिरले. डबे कमी पडले की दम लागल्याचं सोंग करून बसत. खजूर-अंजीर अजून दारातच वाटले जात होते, आणि आत काकी भिंतीला धरून उठत होत्या.

एक दिवस काकासाहेब म्हणाले, सगळं झालं पण मोठ्यांसाठी शेवटी काहीतरी अक्कलेचा खेळ हवा. मी वही मिटली. शपथ सांगायची नाही अशी होती, खेळायची नाही अशी कुठं होती? मी म्हटलं, "काकासाहेब, असं करू. चिठ्ठी काढायची. चिठ्ठीत घरातल्या ज्याचं नाव निघेल, तो काल सकाळी काय जेवला त्याचं ताट आपण मांडून दाखवायचं."

ते माझ्याकडे इतक्या कौतुकानं बघत राहिले की मला लाज वाटली. हा खेळ तर त्यांच्यासाठीच जन्माला आला होता. यात मला कोण हरवणार, असंही म्हणाले.

खोटं जेवण आम्ही चिंध्यांचं केलं. भात कापसाचा, वरण पिवळ्या लोकरीचं, पालेभाजी हिरव्या लोकरीची, ताक म्हणजे वाटीत पांढऱ्या मलमलीचा तुकडा. ह्यांच्या जुन्या खाकी विजारीच्या भाकऱ्या निघाल्या. पोळ्या काकींनी शिवल्या, दुहेरी कापडाच्या, कडेला बारीक टाका घालून, चांगल्या चाळीस. कशासाठी ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

संमेलनाला पटांगण भरून गेलं होतं. डाळीच्या मडक्यानं निम्मे पुरुष हरवले. आगगाडीत दुधाचा डबा रुसून बसला. जिंकलेल्याला तिळाची वडी होती. काकासाहेब कोपऱ्यातून बघत होते आणि मध्येच माझ्या कानाशी येऊन म्हणाले, ही काय गंमत आहे सूनबाई, जिंकलेल्या सगळ्या बायका वडी पदराखाली घेतात आणि पोराच्या हातात देतात, एकीनंही खाल्ली नाही. मी म्हटलं, बघत राहा.

मग ताटं सुरू झाली. एका आठ वर्षांच्या मुलीनं बापाचं ताट मिरचीच्या देठासकट बरोबर मांडलं. एका आईनं तिन्ही मुलांची मांडली. वकीलसाहेबांना बायकोची चिठ्ठी निघाली. त्यांनी ऐटीत भरगच्च ताट मांडलं. बायको हसत पुढं आली, एकेक जिन्नस उचलत गेली, आणि शेवटी ताटात एक पोळी आणि लोणच्याची फोड राहिली. लोक हसले. पण बायकांच्या बाजूनं हसू आलं नाही.

चिठ्ठ्यांचा डबा माझ्याकडे होता. काकासाहेबांच्या चिठ्ठीपुरतं मी लबाडी केली, हे आज सांगायला हरकत नाही. ती मी मुठीत वेगळी ठेवली होती. त्यांनी उघडून वाचलं, 'पत्नी', आणि बाह्या सरसावल्या.

त्यांनी आठवून नव्हे, कोठीच्या रीतीनं हिशोब मांडला. मोठ्यानं बोलत होते, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "काल कणीक पाच पोळ्यांची काढली." काकींनीच शिवलेल्या पाच पोळ्या त्यांनी ताटात ठेवल्या. "तीन मी खाल्ल्या." तीन उचलल्या. "काल पोस्टमन जेवायला होता. त्यानं दोन." दोन उचलल्या. मग भात ठेवला आणि पोस्टमननं तो दोनदा मागून घेतला होता हे आठवून उचलला. भाजी ठेवली, उचलली. वरणाच्या वाटीपाशी हात नुसताच थांबला. समोर रिकामं ताट होतं आणि वीस वर्षं ज्यांचा अंदाज एका पोळीनं चुकला नव्हता ते काकासाहेब त्याच्याकडे बघत उभे होते. परवाचा दिवसही ते मनात मांडून पाहत असावेत. परवा टांगेवाला होता.

त्यांनी मान वर केली. बायकांच्या गर्दीत काकी कुठं आहेत ते शोधलं आणि हळूच विचारलं, "अगं, काल काय खाल्लंस?"

जगातल्या प्रत्येकाला विचारलेला तो प्रश्न त्यांनी घरात कधीच विचारला नव्हता. काकींनी पदर पुढे ओढला. "ताक होतं," म्हणाल्या.

काकासाहेबांनी मलमलीची वाटी उचलून ताटाच्या मधोमध ठेवली. मग, मी हरलो, असं वकीलसाहेबांना सांगून ते खाली जाऊन बसले. मला तेव्हा रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

काकी माझ्याशी आठ दिवस धड बोलल्या नाहीत. शपथ मोडलीस, म्हणाल्या. मी कुठं काही सांगितलं, असं मी म्हटलं तर झरोक्यातून उत्तर आलं, "माझ्याच हातानं शिवून घेतल्यास त्या पोळ्या."

इकडे काकासाहेबांनी काकींना खाऊ घालायचं ठरवलं आणि पहिले चार दिवस सगळाच घोटाळा झाला. त्यांनी आधी काकींना जेवायला सांगितलं, त्या कानावर हात ठेवून उभ्या. आपलं झाल्यावर समोर बसून बघायला लागले, तर काकींच्या घशाखाली घास उतरेना. पाठ करून बसले, तरी उतरेना, कारण ते भिंतीकडे तोंड करून "काय खाल्लंस?" विचारत. शेवटी त्यांनी एक युक्ती काढली. कणीक सात पोळ्यांची काढायला लागले. दोन पोळ्या खायच्या, तिसरी ताटात ठेवायची आणि हात वाळवत बसायचं. काकी आपलं ताट वाढून समोर बसल्या, पहिला घास घेतला, की मग तिसरी पोळी. पाहुण्यालाही तोच नियम. टांगेवाला बिचारा शेवटची पोळी पुढ्यात घेऊन आर्जव करायचा, "माँजी, अब बैठ भी जाओ, बाहर घोड़ा खड़ा है." घोडा उभा आहे म्हटल्यावर काकींना बसावंच लागे.

चैत्राच्या हळदीकुंकवाला काकी भिंतीला न धरता उठल्या. डॉक्टरांनी पापणी पाहिली आणि खजुरांचा गुण आला म्हणाले. काकासाहेबांनी त्यांना दुरुस्त केलं नाही.

त्याच सुमाराची एक सकाळ. मी विरजण मागायला दारातून आत गेले. काकासाहेब पाटावर हात वाळवत बसले होते, पुढ्यात तिसरी पोळी. काकी मागे परसात हात धुवायला गेल्या होत्या. मला त्यांची चेष्टा करायची लहर आली. मी म्हटलं, "काकासाहेब, काकींनी काल काय?"

त्यांनी लगेच सांगितलं. दोन पोळ्या, दुधी, वाटीभर वरण, भात थोडा टाकला. परवाचंही सांगितलं. संक्रांतीपर्यंत मागे मागे सांगत गेले, एक दिवस चुकला नाही. मग थांबले.

"आणि त्याच्या आधीचं?" मी विचारलं. मला वाटलं, हसतील.

"त्याच्या आधीचं एकच आहे," ते म्हणाले. "लग्नाच्या पंक्तीतलं. शेजारी बसली होती ना. जिलबी अर्धी टाकली तिनं, मठ्ठा दोनदा घेतला. चौदा वर्षांची होती. त्यानंतर थेट संक्रांत. मधली तीस वर्षं काही नाही सूनबाई."

विरजणाची वाटी हातात घेऊन मी तशीच उभी राहिले. तेवढ्यात काकी आल्या, माझ्या वाटीत चमचाभर विरजण घातलं, स्वतःचं ताट वाढलं आणि त्यांच्यासमोर बसल्या. त्यांनी पहिला घास उचलून तोंडात घातला, तेव्हा काकासाहेबांनी खाली मान घालून राहिलेली पोळी मोडली.